आईच्या बाईंचा पाळणा

मी साताऱ्याला गेले ती एका गेलेल्या बाईंची उणीदुणी काढायला. लोक किल्ला बघायला जातात, कासची फुलं बघायला जातात. माझा हेतू काळा होता, आणि तो मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवायला नको.

या बाई म्हणजे आईच्या बाई. इंदूबाई. आई सांगलीला वाढली, लग्न होईपर्यंत त्यांच्याकडे पियानो शिकली, आणि पुण्यात आल्यावर जन्मभर त्यांचं नाव घेत राहिली. तिनेच मला पियानोशी बसवलं. पुढे मी शिकवण्या घेऊ लागले, एका मालिकेच्या शीर्षकगीताला चाल दिली, रोज संध्याकाळी पडद्यावर माझं नाव येऊ लागलं. आईने ते गाणं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालंय. बाई असत्या तर अंतरा इतका लांबवला नसता." अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी त्या "बरं झालंय"च्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. न बघितलेल्या बाईचा इतका हेवा कुणी केला नसेल. सवत परवडली, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिने एकच धोशा लावला. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाई एक पाळणा बांधत होत्या. तो तिने अर्धाच ऐकला होता. "मला तो एकदा पुरता ऐकव. जा, शोधून आण." मी कधी तिला सिंहगडावरून दही आणून दिलं नव्हतं, पण हे आणायला निघाले. मनात म्हटलं, जाऊन बघू तरी. बाई साधारणच निघतील. गावातल्या चार मुलींना हार्मोनियमवरची गाणी पियानोवर बडवून दाखवणाऱ्या. मग आईला सांगता येईल.

सातारा

एसटीतून उतरताना आईच्या ओळखीच्यांसाठी घेतलेला चिवड्याचा डबा वरच्या फळीवर राहिला. तो डबा पुढे कोल्हापूरला गेला असणार. सुरुवातच अशी झाली.

इंदूबाई लग्नाआधी साताऱ्यात मुलींच्या एका जुन्या शाळेत गाणं शिकवायच्या. त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका शैलाताई मला भेटायला तयार झाल्या. फोनवर मी शीर्षकगीताचा उल्लेख केला होता (नको होता करायला), त्यामुळे त्यांनी मला टीव्हीवाली समजून जरीची साडी नेसली होती आणि शेजारच्या दोघी सोफ्यावर आणून बसवल्या होत्या. कॅमेरा नाही हे कळल्यावर शेजारणी उठून गेल्या. शैलाताई मात्र खुलल्या. त्यांनी थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिसरं खाल्ल्याशिवाय मुद्द्यावर आल्या नाहीत. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पाणी देऊन आधी काम विचारतात. इथे काम विचारणं हाच उद्धटपणा दिसला.

इंदूबाई शेतकरी घरातल्या. वडील पलटणीत, पण बंदूक धरणाऱ्यांतले नव्हेत, बँडमधले. क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होताना त्यांनी मायदेशी निघालेल्या एका साहेबाचा पियानो घेतला आणि सातारा रोड स्टेशनापासून बैलगाडीतून घरी आणला. गाडीमागून निम्मं गाव चालत आलं म्हणे. वडिलांनी मुलीला कागदावरचं संगीत वाचायला शिकवलं. आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, ते कुणी शिकवायची गरज नव्हती. "म्हणून त्यांचा डावा हात बँडचा आणि उजवा जात्यावरचा," शैलाताई म्हणाल्या. हे वाक्य मला सुचलं असतं तर मी लेखाचं शीर्षक केलं असतं. मी ते निमूट लिहून घेतलं आणि मनात चरफडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शाळेच्या कुंपणाशी उभं केलं. आत मुली रांगेत उभ्या. प्रार्थना सुरू झाली. सगळ्या शाळांत असते तशीच असेल म्हणून मी रस्त्यावरची रहदारी बघत होते. मग दुसऱ्या ओळीत, जिथे कुणीही चाल खाली आणेल तिथे ती वर गेली. सहज. पाचवी-सहावीतल्या शेंबड्या पोरी ती जागा अशी घेत होत्या की जणू त्यात काही विशेषच नाही. पेटीशी बसून आठवडा घालवला तरी मला ती जागा दिसली नसती.

चाल इंदूबाईंची हे शैलाताईंनी सांगितलं होतं, तरी कुणाची म्हणून मी फाटकावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, शाळेची. बाहेर आलेल्या एका शिक्षिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, पारंपरिक आहे. हादग्याची दोन गाणी, कवायतीची एक धून, हीही बाईंचीच आणि हीही पारंपरिक. शैलाताईंना त्याचं वाईट वाटत होतं. मला खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. नाव पुसलं गेलंय ना, बास. मग स्टँडसमोर चहा पिताना मला दुर्बुद्धी सुचली. टपरीवाल्याला विचारलं, ती अमुक मालिका बघायचात का. तो म्हणाला, रोज बघायचो. नायिकेच्या साड्या आठवतात, सासूचं दुखणं आठवतं. गाणं? गाणं होतं का त्याला, म्हणाला. मी चहाचे पैसे दिले आणि सांगलीची गाडी धरली.

सांगली

लग्न होऊन बाई सांगलीला आल्या. नवऱ्याशी पटलं नाही. वेगळ्या राहिल्या, त्या काळात, पियानो घेऊन. गावभागातल्या ज्या दोन खोल्यांत त्या राहत तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. समोरच अण्णा राहतात. वय नव्वदीच्या घरात, एके काळी नाटकमंडळीत तबला वाजवायचे. एका खोलीत पियानो आणि उरलेल्या जागेत बाई, अशी राहणी होती असं ते म्हणाले. शिकवण्यांवर भागायचं नाही, म्हणून बाई नाटकांना ऑर्गन वाजवायच्या. नाटकातली पदंही त्याच बांधायच्या, पण जाहिरातीत चाल म्हणून नाव छापून यायचं ते मंडळीच्या मालकांचं. बाईंना विचारलं तर म्हणत, मालकांना नाव लागतं, मला भाडं भरायला लागतं.

मी मुद्दाम खोदून विचारलं. वाजवायच्या कशा? खरं सांगा, गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मोठ्या वाटत असतील. अण्णांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग त्यांनी सांगितलं की पदाला वन्समोअर मिळाला की गायक तेच पुन्हा गायचा, पण बाई दुसऱ्यांदा तेच वाजवायच्या नाहीत. तोच गायक, तेच पद, आणि खालून सगळं बदललेलं. गायकाला वाटायचं आपण आज भलतेच रंगलो. "लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे," अण्णा म्हणाले, "आणि मी पडद्याआड बसून बाईंकडे बघायचो." एवढ्या वर्षांनीही त्यांचा आवाज ओला झाला. मला कुणी असं पडद्याआडून बघितलेलं नाही. मी समोर ठेवलेल्या भडंगाचा बकाणा भरला. त्यात मिरची होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

स्वरलिप्या? पुरात गेल्या. कृष्णा घरात शिरली तेव्हा मागे राहिलेल्या ट्रंकेसकट गेल्या. पियानो त्याआधीच गेला होता. म्हातारपणी हात थरथरू लागले तेव्हा भाचा ट्रक घेऊन आला आणि आत्याला आणि पियानोला आपल्या गावी घेऊन गेला. कवठे महांकाळच्या अलीकडे, फाट्यावरून आत. अण्णांनी भाच्याच्या घरी फोन लावला. भाचा आता नाही, त्याची बायको आहे. तिने काहीही न विचारता सांगितलं, या म्हणावं, उद्या घरात बारसं हाय.

फाट्यावरून आत

फाट्यावर उतरले आणि चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, मधून बेदाण्याच्या शेड, आणि त्यांमधून फरपटत चाललेली मी. एका बागेतल्या बाईने मला हाक मारून सुतळी दिली आणि कुणाकडे जायचं ते न विचारताच घर दाखवलं. परकी बाई एकाच घरी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाच्याच्या बायकोचं नाव शकुंतला. सगळे शकूकाकू म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, काटक, बोलणं खणखणीत. नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिच्या मुलीचं बारसं. मला आधी पियानो बघायचा होता. काकूंनी शेडमध्ये नेलं. बेदाण्याच्या क्रेट उतरवायला दोन गडी लागले. झाकण उघडलं, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, निम्म्या दाबल्या तर वर येत नव्हत्या. मधल्या सप्तकातले काही सूर लागले, तेही घोगरे. मला बरं वाटलं असं लिहिणार होते, पण तसं वाटलं नाही. काकू म्हणाल्या, आत्याबाई असेपर्यंत वाद्य ओसरीत होतं. त्या गेल्यावर उंदरांनी नाद सोडला न्हाई, म्हणून इथं आणलं. नवऱ्याच्या आत्याला त्या आत्याबाई म्हणत.

बारशाला आळीतल्या तीसएक बायका जमल्या. घुगऱ्यांचं पातेलं, सुंठवड्याचा वास. पाळण्याखालून वरवंटा फिरवला, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत बुक्के खाल्ले. हे सगळं आमच्याकडेही असतं. आमच्याकडे मग कुणीतरी मोबाइलवर पाळणा लावतं आणि बायका जेवणाकडे वळतात. इथे काकूंनी "आत्याबाईंचा पाळणा" म्हणत दोरी धरली आणि भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी खालच्या पट्टीत सूर धरला. शब्द साधेच होते, कडवी घरची. या घरात बोरवेलला पाणी लागलं त्याचं एक, बाळाचा मामा सीमेवर आहे त्याचं एक. प्रत्येक घर आपापली कडवी जोडतं, चाल मात्र बदलत नाही.

चाल ऐकून मी जागेवर थिजले. ओळ संपते तिथे पाळणा लांबच्या टोकाला गेलेला असतो आणि सूर थांबतो. खोलीत कुणी श्वाससुद्धा घेत नाही. पाळणा परत फिरतो आणि फिरता फिरता पुढची ओळ सुरू होते. किती थांबायचं हे कुणी मोजत नाही, ते पाळणा ठरवतो. मी सवयीने बोटांवर मात्रा मोजायला गेले आणि दोनदा चुकले. आणि खालून त्या दोन म्हाताऱ्या, डावा हात. बँडचा. पियानोतून उचलून बायकांच्या गळ्यात ठेवलेला. बाईंनी वाद्य कमी केलं होतं, कागद कमी केला होता, स्वतःचं नावही कमी केलं होतं, आणि उरलं होतं ते असं. मी मोबाइलवर ते सगळं घेतलं. राग येत होता. मी आयुष्यभर जे करायला बसत होते ते या बाईने करून ठेवलं होतं आणि वर त्याची फिकीरही केली नव्हती.

जेवायला बसल्यावर काकूंनी विचारलं, तुमी कुणाच्या? म्हटलं, माझी आई बाईंची शिष्या. सांगलीची. सुलोचना.

काकूंचा वाढता हात थांबला. "कुठली सुलोचना? गावभागातली? सुलीची लेक तू?" तुमीची तू झाले मी एका क्षणात. भाकरी टोपलीत ठेवून त्या माझ्या समोर फतकल मारून बसल्या.

त्यांनी सुलीला कधी बघितलं नव्हतं, पण या घरात सुली माहीत नाही असं कुणी नव्हतं. म्हातारपणी बाई ओसरीत वाजवायच्या तेव्हा गावातलं कुणी वाहवा म्हणालं की त्या हात झटकायच्या. माझं काय ऐकताय, सुलीचा हात ऐकायला पायजे हुता. माझ्या हातात जे न्हाई ते त्या पोरीच्या हातात हाय. हे एकदा नाही, दर वेळी.

मी घास खाली ठेवला. म्हटलं, काकू, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. आई जन्मभर म्हणते की बाईंनी मला एकदासुद्धा चांगलं म्हटलं नाही.

"कशा म्हणतील? जळायच्या की," काकू म्हणाल्या. "आपण शिकवल्याली पोर आपल्या फुडं जाती, हे सोसंना. मलाच सांगायच्या स्वतः. तिचं लगीन ठरलं तवा म्हणं मनात आलं, बरं झालं, सुटले. आन मग सुली गेली, तर महिनाभर पियानोला हात लावला न्हाई. हा पाळणा निम्मा राहिल्याला, त्यो लय वर्सांनी पुरा केला, हितं आल्यावर."

वरून त्यांनी माझ्या पानात भाकरी वाढली, खर्डा वाढला, आणि आईची तब्येत विचारली.

पुणे

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं. पाळणा द्यायचा, ते वाक्य द्यायचं नाही. आजवर मला बाईंचा हेवा होता, आता आईचाही वाटू लागला. जिला इतका मोठा हात मिळाला, आणि त्याची पावतीही मिळाली, तिला ती पावती मी घरपोच का करायची? मला माझी मिळाली होती का? कुणाला हे क्षुद्र वाटेल. वाटो.

आईने पाळणा ऐकला. डोळे मिटून, मान न हलवता. पुन्हा लाव म्हणाली. मग पुन्हा. शेवटी म्हणाली, अस्सा संपवला होय. आणखी कुणी काही बोललं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, लोक बारशाच्या गडबडीत होते. चपलेची गोष्ट सांगितली, चिवड्याची सांगितली, द्राक्षबागांची सांगितली. चांगला आठवडाभर मी ते वाक्य दाबून ठेवलं.

मग एका दुपारी मी तो पाळणा पियानोवर बसवत होते. ओळीच्या शेवटची ती थांबण्याची जागा काही केल्या जमेना. आई खुर्चीतून म्हणाली, "बाई असत्या तर..."

"बाई असत्या तर तुला ऐकायला बोलावलं असतं," मी ओरडलेच. "मरेपर्यंत सांगत होत्या त्या, गावातल्या गड्यामाणसांना सांगत होत्या. सुलीच्या हातात जे आहे ते माझ्या हातात नाही म्हणून. झालं समाधान?"

मला वाटलं आई रडेल. तिने पुन्हा सांगायला लावलं, कुणी सांगितलं, कुठे बसून सांगितलं, शब्द नेमके काय होते. मी सगळं सांगितलं. आता दाबून ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मग मला का नाही म्हणाल्या कधी?"

"हेवा वाटायचा त्यांना तुझा. त्यांनीच कबूल केलंय."

"त्यांनाही?" आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. तिने वॉकर जवळ ओढला, पण उठली नाही, नुसताच धरून बसली. म्हणाली, मला वाटायचं असली मीच एक. पोटच्या पोरीचं ऐकवत नाही, अशी. तुझा हात चालायला लागला ना, तुझ्या दहावीच्या आसपास, तेव्हापासून. इतकं छान वाजवायचीस की मला तिथे बसवायचं नाही.

"तू वाजवायला बसलीस की मी कुकर लावायचे," ती म्हणाली. "शिट्ट्यांत ऐकू येऊ नये म्हणून. घरात भात उरायचा रोज."

मला हसू आलं. पियानोकडे वळले आणि पाळणा पहिल्यापासून सुरू केला. पहिली ओळ होते न होते तोच आईने हात वर करून मला थांबवलं, आत हाक मारली आणि स्वयंपाकाच्या बाईंना कुकर खाली उतरवायला सांगितलं.